झोप येत नाही म्हणून लवकर आडवं होताय? तिथेच गडबड आहे: सीबीटी-आय नेमकं कसं करतात

माझी झोप २ वर्षं बिघडलेली होती आणि त्यातले फक्त पहिले ३ महिने तिला खरं कारण होतं. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मी रात्रीला हॉस्पिटलात स्टुलावर बसून असायचे, दर तासाला कुणीतरी लाइट लावायचं. नंतर बाबा काठी सोडून मंडईत जायला लागले, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले, आणि मी मात्र रात्री अडीचला टक्क जागी. मग जे सगळे करतात ते सगळं मी केलं. साडेनऊलाच बेडवर जायचं म्हणजे निदान थोडी तरी मिळेल, रविवारी नऊपर्यंत लोळायचं, दुपारी चान्स मिळाला की डुलकी काढायची, जायफळ घातलेलं दूध, तळपायाला काशाची वाटी, नवऱ्याला घोरतो म्हणून हॉलमध्ये पाठवणे. वाटीने पाय मऊ झाले, बाकी काही नाही.

शेवटी एका सायकॉलॉजिस्टकडे गेले तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्ही बेडवर फार वेळ घालवताय, तो कमी करायचा. मला वाटलं बाईला ऐकूच आलं नाही, मी झोप मिळत नाही म्हणून आलेय आणि ही म्हणते अजून कमी. पण हीच ट्रीटमेंट आहे. तिचं नाव सीबीटी-आय, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी फॉर इन्सोम्निया, आणि २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाश असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना गोळीच्या आधी हीच द्या असं सांगितलंय. आपल्याकडे मात्र डॉक्टरकडे गेलं की चिठ्ठीवर गोळी येते आणि हिचं नावही निघत नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट होते, पण ८-९ आठवडे हे अंगावर काढलंय आणि नंतर भरपूर वाचलंय.

आधी यामागचा विचार, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं छळ वाटेल. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने ८० च्या दशकात निद्रानाशाचे तीन भाग सांगितले. एक मूळ स्वभाव, म्हणजे काही माणसं मुळातच सावध झोपेची आणि विचार करणारी. दुसरं निमित्त: आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. आणि तिसरं म्हणजे झोप गेल्यावर ती परत मिळवायला आपण जे उपाय करतो ते, आणि रोग टिकवून ठेवतात ते हेच. चुलीत विस्तव कुणी घातला ते एव्हाना कुणाला आठवतही नसतं, सरपण मात्र आपण रोज घालत असतो. सीबीटी-आय सरपण काढून घेते. त्यामुळे थेरपिस्ट तुमचं बालपण उकरत बसत नाही, सगळा भर आत्ता रात्री काय करता आणि सकाळी काय करता याच्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे झोपेची भूक. जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चारला दोन वडापाव हाणले की रात्री ताटावर बसून नुसतं चिवडत राहतो ना, तसंच संध्याकाळी पाचला सोफ्यावर अर्धा तास डोळा लागला की रात्री अकराला भूक कुठून असणार. याच्या जोडीला शरीराचं २४ तासांचं घड्याळ असतं, आणि ते लागतं सकाळच्या उठण्यावर आणि उजेडावर. या दोन गोष्टी नीट जुळल्या की झोप आपोआप येते, ओढून आणावी लागत नाही.

हे कुणी करायचं, कुणी स्वतःच्या मनाने करायचं नाही

आठवड्यातून निदान ३ रात्री, निदान ३ महिने झोप लागत नाही किंवा मध्येच मोडते किंवा पहाटेच जाग येते, झोपायला पुरेसा वेळ असूनही, आणि त्याचा दिवसावर परिणाम होतो, तर तो जुनाट निद्रानाश. चार दिवस परीक्षेच्या टेन्शनने झोप नाही आली तर हे काही करू नका, ती येईल.

हे वाचून लगेच सुरू करायच्या आधी जरा थांबा. घोरता आणि घरचे म्हणतात की मध्येच श्वास थांबतो, सकाळी डोकं जड, दिवसा कुठेही पेंग येते, तर आधी स्लीप अॅप्नियाची तपासणी, ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला बऱ्याचदा मशीन लागतं. आडवं झालं की पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर डॉक्टरला सांगा, रक्तातलं लोह तपासतात. थायरॉईडही बघून घ्या. बायपोलर असेल, फिट्स येत असतील, झोपेत चालायची सवय असेल, तर खाली जो झोप कमी करण्याचा भाग आहे तो स्वतःहून अजिबात करायचा नाही, बायपोलरमध्ये कमी झोपेने मेनिया, म्हणजे मनाची अति उत्तेजित अवस्था, उसळू शकते. ट्रक, बस, क्रेन चालवणाऱ्यांनीही नाही, पहिले दोन आठवडे दिवसा जी झापड येते त्यात जीव जाऊ शकतो. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर झोपेची डायरी राहू द्या, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आजच फोन करा.

अजून एक. रात्री ३ ला झोप येते पण सकाळी ११ पर्यंत छान गाढ लागते, अशी बरीच कॉलेजची पोरं असतात. त्यांचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं, निद्रानाश नसतो. त्यांना सकाळचा उजेड आणि उठण्याची वेळ हळूहळू मागे आणणं लागतं, आयांनी उगाच पोराला इन्सोम्निया झाला म्हणून घाबरू नये.

पहिलं काम: १४ दिवस डायरी

काहीही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. सकाळी उठल्यावर दोन मिनिटं: बेडवर किती वाजता गेले, लाइट किती वाजता बंद केला, अंदाजे किती वेळात झोप लागली, मध्ये किती वेळा आणि एकूण किती मिनिटं जागी होते, शेवटची जाग किती वाजता, बेडवरून उठले किती वाजता, दिवसा झोपले का, चहा-कॉफी किती, गोळी घेतली का. अंदाजे लिहायचं. रात्री घड्याळ बघून अजिबात नाही. माझ्या बेडरूममधलं भिंतीवरचं घड्याळ थेरपिस्टने पहिल्याच आठवड्यात काढायला लावलं आणि मोबाईल हॉलमध्ये. अलार्मला १५० रुपयांचं टेबलक्लॉक आणलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. रात्री वेळ बघितली की लगेच मनात वजाबाकी सुरू होते, "आता लागली तरी साडेतीनच तास," आणि त्या वजाबाकीनंतर कुणाला झोप लागल्याचं मी ऐकलं नाही. स्मार्टवॉचही काढून ठेवा, झोपेचा स्कोअर ७१ आला म्हणून दिवसभर थकलेले लोक मी बघितलेत.

डायरीतून एक गंमतही कळते. मी म्हणायचे डोळ्याला डोळा लागला नाही आणि नवरा म्हणायचा तू मस्त घोरत होतीस, यावरून भांडणं व्हायची. दोघंही खरं सांगत होतो. हलकी झोप जागेपणासारखीच वाटते, विशेषतः मध्ये मध्ये जाग येत असेल तर, त्यामुळे निद्रानाशवाल्यांना झोप झाली त्यापेक्षा कमी झाली असं वाटणं अगदी कॉमन आहे.

दुसरं काम: हिशोब

१४ दिवसांची सरासरी काढा. माझी अशी होती: बेडवर रात्री १०:३० ते सकाळी ७, म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं. त्यातली झोप सरासरी ५ तास २० मिनिटं, ३२० मिनिटं. ३२० भागिले ५१० गुणिले १००, आले ६३ टक्के. याला स्लीप एफिशियन्सी म्हणतात. चांगलं झोपणाऱ्याची ८५ च्या वर असते. म्हणजे मी बेडवर तीन तासांहून जास्त वेळ नुसती कूस बदलत होते, रोज, आणि मेंदूने काय शिकून घेतलं तर बेड म्हणजे जागायची जागा. सोफ्यावर सीरियल बघताना डोळे मिटायचे आणि बेडवर पाठ टेकली की टक्क उघडायचे, हे त्यामुळेच.

तिसरं काम, सगळ्यात अवघड: झोपेची खिडकी

आधी उठण्याची वेळ ठरवा. ही वेळ दगडावरची रेघ. रविवार, सुट्टी, रात्री काहीच झोप झाली नाही, पाहुणे, काहीही असो, तीच. मी ६ ठरवली कारण पाणी सहाला येतं. मग सरासरी जेवढी झोप आहे तेवढाच वेळ बेडवर द्यायचा, हीच झोपेची खिडकी, पण ५ तासांच्या खाली कधीच नाही. माझे ५ तास २० मिनिटं, तिने गोल करून साडेपाच केले. सकाळी ६ मधून मागे मोजलं तर रात्री १२:३०. म्हणजे साडेबारापर्यंत बेडवर जायचं नाही, मग कितीही डोळे मिटू देत.

पहिले तीन दिवस ठीक गेले, उत्साहात. चौथ्या दिवशी साडेनऊला सासूबाईंबरोबर टीव्ही बघता बघता मान टाकली, आणि त्यांनी प्रेमाने अंगावर शाल घातली, झालं, दीड तास गेला आणि रात्र पुन्हा वाया. म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा की मी पेंगले तर मला हलवा. १० ते १२:३० हा वेळ काढायला उभ्याची कामं लागतात, बसायची कामं चालत नाहीत. मी इस्त्री केली, फडताळं आवरली, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवली, त्या महिन्यात आमचं घर कधी नव्हे इतकं चकाचक होतं. दुपारची वामकुक्षी बंद, आणि पुण्यात राहून हे सांगायला हिंमत लागते.

मग दर आठवड्याला परत टक्केवारी काढायची. ९० किंवा वर आली तर खिडकी १५ मिनिटांनी वाढवायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात १२:१५ ला बेडवर. ८५ ते ९० च्या मध्ये असेल तर आहे तिथेच. ८५ च्या खाली असेल तर १५ मिनिटं आणखी कमी, पण ५ तासांची मर्यादा धरून. वयस्कर माणसांना थोडी सूट देतात. काही थेरपिस्ट ८५ लाच वाढवतात, त्यावरून वाद घालू नका, एक नियम धरा आणि पाळा. माझा पहिला आठवडा हॉरिबल होता. दुसऱ्या आठवड्यात ३३० पैकी २९० मिनिटं झोप, ८८ टक्के, जैसे थे. तिसऱ्यात ३०५ मिनिटं, ९२ टक्के, पहिली १५ मिनिटं बक्षीस मिळाली तेव्हा मला दिवाळी बोनस मिळाल्यासारखं झालं. नवव्या आठवड्यात मी सव्वाअकराला बेडवर जात होते आणि ६ ला उठत होते, त्यातली सहा तासांच्या वर सलग झोप. आठ तास कधी झालेच नाहीत आणि आता मला ते लागतही नाहीत.

चौथं काम: बेड फक्त झोपेला

हे रिचर्ड बूटझिन या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने १९७२ मध्ये मांडलं आणि अजून तसंच वापरतात. बेडवर झोप आणि नवराबायकोचं जे काय असेल ते, बाकी काही नाही. मोबाईल नाही, लॅपटॉप नाही, भिशीचा हिशोब नाही, बेडवर बसून जेवण तर नाहीच. दुसरं म्हणजे वेळ झाली म्हणून बेडवर जायचं नाही, वेळही झाली पाहिजे आणि पेंगही आली पाहिजे. दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं, हा फरक मला कळायला ४५ वर्षं लागली. अंग मोडून आलंय पण डोकं भिंगरीसारखं फिरतंय, याला दमणं म्हणतात. जांभया, डोळ्यांत वाळू, तीच ओळ तिसऱ्यांदा वाचतोय, ही झोप.

आणि साधारण २० मिनिटं झाली असं वाटलं, किंवा चिडचिड व्हायला लागली, की उठायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत पेंग आली की यायचं. परत नाही लागली तर परत उठायचं. रात्रीतून पाच वेळा झालं तरी पाच वेळा. मान्य आहे की ज्यांनी हे नियम बनवले त्यांच्या घरात खोल्या जास्त होत्या. आमचं वन बीएचके, हॉलमध्ये सासूबाई आणि मुलगा झोपलेले, जाणार कुठे? मी किचनमध्ये ओट्याखाली पाट टाकून बसायचे, एक पिवळा झिरो बल्ब लावून घेतला होता. लसूण सोलायचे, मेथी निवडायचे, जुने दिवाळी अंक वाचायचे, तेही रहस्यकथा सोडून. कंटाळवाणं पण हाताला काम असलेलं काहीतरी हवं. एका खोलीतच राहत असाल तर निदान बेडवरून उतरून खुर्चीत किंवा खाली सतरंजीवर बसा, आणि जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर गादीवरून उठून भिंतीला टेकून बसा, मेंदूला जागा बदलल्याचं कळलं म्हणजे झालं. सासूबाई पहिल्या रात्री येऊन "अगं काय होतंय तुला, भूक लागली का" विचारून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं समजावलं तर म्हणाल्या, मग शेंगा पण सोलून ठेवत जा.

पाचवं: डोक्यातली बडबड

सीबीटीमधला "सी" हा. बिन-झोपेच्या माणसाची काही ठरलेली वाक्यं असतात: आज नाही झोपले तर उद्या ऑफिसात वाट लागणार, आठ तास झालेच पाहिजेत, माझी झोपायची सिस्टिमच बिघडलीय. यांना "पॉझिटिव्ह विचार करा" म्हणून काही होत नाही. मी वहीत दोन रकाने केले. रात्रीचं भाकीत एका बाजूला, उदाहरणार्थ "उद्या जीएसटीचं रिटर्न चुकणार आणि साहेब बोलणार," आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात काय झालं ते. तीन आठवड्यांत १४ भाकितं लिहिली, त्यातली खरी ठरली २, आणि त्यातलं एक तर नेट बंद पडल्यामुळे. थकवा होता, चिडचिड होती, पण वाट लागली नव्हती. हे वहीत स्वतःच्या अक्षरात बघितलं की भीतीचा फुगा थोडा बसतो, आणि भीती बसली की झोपेवरचा पहारा सैल होतो.

दुसरं, काळजीची वेळ. संध्याकाळी साडेसहाला १५ मिनिटं, बेडपासून लांब बसून, जे जे डोक्यात आहे ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे उद्याची एक बारीक कृती. "आईचं शुगर" असं लिहून सोडायचं नाही, "गुरुवारी लॅबवाल्याला फोन" असं लिहायचं. रात्री तोच विषय आला की त्याला सांगायचं, तुझा नंबर उद्या साडेसहाला. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं.

आणि उलटी युक्ती: अंधारात पडून डोळे उघडे ठेवायचे आणि आता झोपायचंच नाही असं ठरवायचं, मोबाईल वगैरे न घेता नुसतं जागं राहायचं. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञांची ही कल्पना. झोपायचा प्रयत्न हाच झोपेचा वैरी असल्यामुळे प्रयत्न काढून घेतला की ती चोरपावलांनी येते. सगळ्यांना जमत नाही, मला चारातून एकदा जमायचं.

बाकीचं पटकन. शवासन, योगनिद्रा, एकेक स्नायू आवळून सोडायची जेकबसनची पद्धत, हे सगळं चांगलं आहे पण त्याचा सराव दिवसा करायचा, रात्री "आली का झोप, आली का" असं तपासत केलं तर उलटं होतं. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद करून बघा, कॅफीन अॅडिनोसिनचीच जागा अडवून बसतं आणि पाच-सहा तासांनीही अर्धं अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. खोली थंड, अंधारी, डास नकोत. पण लक्षात घ्या, या स्लीप हायजीनच्या, म्हणजे झोपेच्या चांगल्या सवयींच्या, टिपा ज्या सगळीकडे फॉरवर्ड होत असतात, त्या एकट्याने जुनाट निद्रानाश बरा होत नाही. मी त्या सगळ्या २ वर्षं पाळत होते.

गोळी चालू असेल तर

अल्प्राझोलाम वगैरे झोपेसाठी दिलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेत असाल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका. अचानक तोडली की झोप पहिल्यापेक्षा वाईट उडते, घाबरं होतं, कधी फिट येऊ शकते. ज्याने लिहून दिली त्याला विचारून, आठवड्यांच्या हिशोबाने हळूहळू कमी करायची, आणि सीबीटी-आय सोबत चालू असेल तर ते सोपं जातं. मीही गोळी घेत होते, कमी करत शेवटी पाव गोळी राहिली होती, ती सोडायला मला महिना लागला, कारण ती शरीराला नको होती, मनाला हवी होती.

थेरपिस्ट शोधताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का आणि आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन आहे का ते बघा, आणि फोनवरच सरळ विचारा, "तुम्ही इन्सोम्नियासाठी सीबीटी-आय करता का, डायरी ठेवायला लावता का?" नुसतं काउन्सेलिंग करतो म्हणाले तर दुसरा शोधा. साधारण ४ ते ८ सेशन लागतात, आठवड्याला एक, व्हिडिओवरही होतं, त्यामुळे गावात कुणी नसेल तरी अडत नाही. एकट्याने करता येतं का? डायरी, उठण्याची वेळ आणि बेडचे नियम, हो. खिडकीचा भाग कुणाच्या तरी देखरेखीत केलेला बरा, चौथ्या-पाचव्या रात्री सोडून द्यावंसं वाटतं तेव्हा कुणीतरी ओरडायला लागतं.

आणि झोप परत बिघडणार, हे धरून चाला. माझी दोनदा बिघडली, एकदा भाचीच्या लग्नात आणि एकदा गणपतीत, समोरच मंडळाचा मांडव. अशा वेळी पहिला मोह होतो तो भरपाईचा, म्हणजे लवकर आडवं व्हायचं, उशिरा उठायचं. त्या दोन गोष्टी सोडून बाकी काहीही करा. सहाला उठायचं, डायरी परत काढायची, टक्केवारी पडली असेल तर आठ-दहा दिवस खिडकी परत आवळायची. कोऱ्या डायरीच्या दहा झेरॉक्स मी पंचांगाच्या मागे टांगून ठेवल्यात, त्यातल्या तीन संपल्यात. मेथी मात्र आता मुलाला निवडायला लावते.